विडीच्या हिशेबाची वही बायोडेटात घालायची का?

अंबादासनं पुतणीचा बायोडेटा कट्ट्यावर आणला आणि चहा यायच्या आधीच वाद पेटला. पोरगी बी.कॉम. झालीय. शुक्रवारी अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, अकाउंट्सच्या जागेसाठी, तिचा पहिलाच इंटरव्ह्यू.

"15 हजार भरून इंग्लिश स्पीकिंगचा क्लास लावतो," अंबादास म्हणाला.

"तीन दिवसांत काय इंग्लिश येतंय बे?" इरफान. त्याचं म्हणणं ठरलेलं: ओळख लागते, बाकी सगळं नावाला. बसवराजचं मत, हुतात्मा एक्सप्रेसनं सरळ पुणे गाठावं, सोलापुरात पगार काय मिळतोय.

मी तोवर कागद वाचत होतो. कामावर असे कागद रोज माझ्या टेबलावर येतात आणि दरवेळी जीव तुटतो. वरचं उद्दिष्टाचं इंग्रजी वाक्य झेरॉक्सवाल्यानं घातलेलं, गल्लीतल्या चार पोरांच्या कागदांवर तेच मी वाचलंय. खाली जात, धर्म, लग्न झालंय का नाही. यातलं काहीच लागत नाही. मोबाईल नंबर काकाचा. म्हणजे कारखान्यातून फोन आला तर उचलणार अंबादास! आणि अनुभवाच्या जागी एकच शब्द, 'फ्रेशर'.

"हिनं कधी काहीच काम केलं नाही?"

"नाही की. शिकत होती. घरी तेवढं वहिनीच्या विड्यांचं बघते."

"बघते म्हणजे काय करते?"

खोदून विचारलं तेव्हा कळलं. आई आणि शेजारच्या पाच जणी कारखान्याच्या विड्या वळतात. पान-तंबाखू किती आणलं, किती हजार विड्या दिल्या, छाट, म्हणजे खराब म्हणून बाद केलेल्या विड्या, किती निघाली, आठवड्याला हातात काय पडलं, हे सगळं ही पोरगी बारावीपासून लिहिते. 6 जणींची वही, 4 वर्षं. गेल्या वर्षी एका मावशीच्या पासबुकात 2 हजार विड्या कमी चढल्या होत्या. पोरगी वही घेऊन कारखान्याच्या कारकुनासमोर उभी राहिली, तारीख दाखवली, नोंद दुरुस्त करून घेतली.

"अरे, हेच तर अकाउंट्स आहे!" मी म्हणालो. "दोन नोंदी जुळवायच्या, फरक शोधायचा, समोरच्याला पटवून द्यायचा. त्या जागेवर दुसरं काय करायचंय?"

अंबादासचा चेहरा उतरला. "विडीचं लिहायचं? तंबाखूत पोरीचा हात जाऊ नये म्हणून तर वहिनीनं शिकवलं तिला."

यावर कट्टा गप्प झाला. त्याचं दुखणं खरं आहे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी घरांचं आहे. बसवराजनंही त्याचीच बाजू घेतली, "घरचं घरात राहू दे की." पण मला ते पटलं नाही, अजून पटत नाही. आईच्या कष्टावर शिकलेल्या पोरीनं तेच कष्ट लपवून कोऱ्या कागदानं का जावं? आश्चर्य म्हणजे इरफान माझ्या बाजूनं आला. "माझी ओळख तिला दारापर्यंत नेईल," म्हणाला, "आत गेल्यावर बोलायचं तिलाच आहे."

मग त्यानंच दुसरी गोष्ट काढली. त्याच्या भाच्याला फोन आला होता, नोकरी पक्की, फक्त 1,500 रुपये फाइल चार्ज पाठवा. पोरानं पाठवले, फोन बंद. नोकरीसाठी आधी पैसे मागितले की तिथंच थांबायचं, आणि पैसे गेलेच तर लगेच 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन करायचा, हे पोरांना कुणीतरी बसवून सांगायला हवं. आधारवर आणि मार्कशीटवर नाव सारखं आहे का, तेही आधीच बघून ठेवायचं. आमच्याकडे निवड होऊनही तेवढ्यापायी जॉइनिंग लांबलेली पोरं मी पाहिलीत.

दुसऱ्या दिवशी पोरगी वही घेऊनच आली. लांबट, रेघी, पुठ्ठ्याला पिवळी चिकटपट्टी. इरफाननं स्टूल ओढलं, "स्वतःबद्दल सांगा." तिनं पाठ केलेलं नाव, गाव, छंद घडाघडा म्हणून टाकलं. मी म्हणालो, आता त्या 2 हजारांचं सांग. ती वही उघडून बोटानं ओळ दाखवत बोलायला लागली, काका, मावशी तर रडतच होत्या, पण तारीख माझ्याकडे होती ना.

"आणि इंग्रजीत विचारलं तर?" अंबादासनं घोडं तिथंच आणलं.

त्याचंही बरोबर होतं. त्याच गोष्टीची तीन साधी इंग्रजी वाक्यं आम्ही तिला बसवून दिली. नवीन कागदावर आता तिचा स्वतःचा नंबर आहे, आणि 'फ्रेशर'च्या खाली दोन ओळी वहीच्या. क्लासचे पैसे अंबादासनं अजून भरलेले नाहीत, पण भरणार म्हणतोय.