खुलासा : राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा 1985 च्या आधीपासूनच्या

‘राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा 1985 साली दिल्लीत सुरू झाल्या’ असा मजकूर सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. 1985 मध्ये ऑलिम्पिकच्या धर्तीवर नवे स्वरूप आले, एवढेच खरे. तीच पहिली स्पर्धा मानली, तर 2023 ची गोव्यातली स्पर्धा सदतिसावी कशी ठरेल? मधल्या काळात तर कित्येक वर्षे ती भरलीच नाही.

खरी सुरुवात 1924 ची. पॅरिस ऑलिम्पिकसाठी खेळाडू निवडायचे म्हणून अखिल भारतीय ऑलिम्पिक सामने भरवले गेले. त्यामागची प्रेरणा मात्र पुण्यातली, आणि ती विसरली जाते याचे वाईट वाटते. डेक्कन जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून सर दोराबजी टाटा भारावले. त्यांच्याच पुढाकाराने 1920 मध्ये भारतीय चमू अँटवर्पच्या ऑलिम्पिकला गेला. त्यात धावपटू फडेप्पा चौगुले होते. पुढे 1927 मध्ये भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली आणि दोराबजी तिचे पहिले अध्यक्ष झाले. ‘राष्ट्रीय क्रीडा स्पर्धा’ हे नाव 1940 च्या मुंबईतील स्पर्धेपासूनचे.

स्पर्धा परीक्षेच्या टिपणांत 1985 लिहिले असेल, तर कृपया दुरुस्त करा.