उनकेश्वरचं गरम पाणी आणि औशाच्या काकांची हरकत

काका, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. नांदेड जिल्ह्यातल्या उनकेश्वरच्या गरम पाण्याच्या झऱ्याची उष्णता हळद-मिरची वाळवायला वापरून बघावी, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, "किल्लारीला १९९२ मध्येच धक्के बसत होते, तेव्हा आम्हाला कुणी काय सांगितलं? ज्या सरकारला बोअरची गाडी आवरत नाही, ते हे काय आवरणार? तुमच्या घरामागं खोदू द्याल का?"

बोअरचं अगदी खरं. २००९ च्या भूजल कायद्यात शेतीसाठी ६० मीटरच्या खाली जायला मनाई आहे. म्हणजे साधारण दोनशे फूट. २०१६ साली लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी येत होतं, तेव्हा आमच्या रानात गाडी साडेसातशे फुटांपर्यंत गेली. विचारायला कुणी आलं नाही. निघाली नुसती धूळ. (पाणाड्याचा नारळ तेवढा कामी आला, घरी चटणी झाली.)

खोदकामानं जमीन हादरेल, ही तुमची भीतीही खुळी नाही. दक्षिण कोरियात पोहांगला जमिनीतली उष्णता वापरायला खोल खडकात दाबानं पाणी सोडत होते. एप्रिल २०१७ मध्ये ३.१ चा धक्का बसला. तिथंच थांबायला हवं होतं. काही महिन्यांत पंप पुन्हा सुरू झाले आणि १५ नोव्हेंबरला ५.४ चा भूकंप झाला. २०१९ मध्ये सरकारनंच नेमलेल्या समितीनं त्याचं खापर या पाण्यावर फोडलं. स्वित्झर्लंडमधल्या बाझलला २००६ साली अशाच कामात हादरे वाढले की पंप बंद, असा नियम होता. तो पाळलाही. तरी पंप थांबल्यावर काही तासांनी ३.४ चा धक्का बसलाच. खाली कोंडलेला दाब बटण दाबल्यासरशी उतरत नाही, म्हणून थांबायची रेघ धोक्याच्या बरीच आधी मारावी लागते.

उनकेश्वरला खडक फोडायचा नाही, पाणी आपणहून वर येतं. हे मी लेखात नीट सांगितलं नाही, चूक माझी. पण झरा आटला तर? त्वचेच्या आजारासाठी लोक लांबून त्या कुंडावर येतात. आणि गरम पाणी भलतीकडं सांडलं तर? लडाखात पुग्याला २०२२ मध्ये बोअरमधलं गरम पाणी ओढ्यात गेलंच होतं.

केंद्राचं भूऔष्णिक (जमिनीतल्या उष्णतेच्या वापराचं) धोरण सप्टेंबर २०२५ मध्ये आलं. ते असू द्या. मला गावात काय दिसायला हवं, ते सांगतो. खोदण्याआधी वर्षभर भूकंपमापक आणि झऱ्याची पातळी यांची नोंद व्हावी, आणि ती ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागावी. काम थांबवायचा अधिकार कंपनीकडे नको. आणि घराघराच्या भिंतींचे फोटो आधीच काढून ठेवावेत. काळ्या रानातल्या घराला उन्हाळ्यात भेगा पडतातच. उद्या कंपनी म्हणेल, ही भेग जुनीच. भरपाईचे पैसेही आधी जमा हवेत, नाहीतर पंचनाम्यामागं फिरण्यात आपली हयात जाते, हे तुम्हाला मी काय सांगावं.

राहिला घरामागचा प्रश्न. खडक फोडणार असतील तर नाही. झऱ्याचंच पाणी घेणार असतील, तर वर्षाची वही आधी बघीन, मग बोलीन.