बॅटरी नसलेल्या यंत्राची बॅटरी-बचत

टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स (टीआय) कंपनीचा टीआय-८४ प्लस हा ग्राफिंग, म्हणजे आलेख काढणारा, कॅल्क्युलेटर ट्रिपल-ए आकाराच्या चार सेलवर चालतो. म्हणून त्याला एक शिस्त लावून दिलेली आहे. पाचेक मिनिटं कुणी बटण दाबलं नाही, की तो आपणहून बंद होतो आणि सेल वाचतात. या कॅल्क्युलेटरचा एम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावर चालणारी त्याची नक्कल. ती भिंतीतल्या प्लगवर चालते, तिला वाचवायला सेलच नाहीत. तरी पाच मिनिटांनी तीही झोपते. आपण फळ्यावर अन्वस्ताचा शिरोबिंदू समजावून मागे वळावं, तर भिंतीवर कोरा हिरवट चौकोन आणि वर्गात खसखस.

यात बिघाड काहीच नाही. एम्युलेटर नुसतं चित्र दाखवत नाही. कॅल्क्युलेटरच्या पोटातला झेड-८० प्रोसेसर तो सॉफ्टवेअरमध्ये उभा करतो आणि त्यावर खरीखुरी मूळ प्रणाली चालवतो. त्या प्रणालीत झोपायचा हुकूम लिहिलेला आहे, आणि आपल्या अंगाला सेल नाहीत हे तिला कोण सांगणार? उपाय सोपा आहे. ‘ऑन’ दाबा, आलेख जिथे होता तिथेच सापडतो. पण ते समजण्याआधी घाईघाईने खिडकी बंद करून प्रोग्रॅम पुन्हा उघडणारे शिक्षक पुष्कळ, आणि स्थिती जतन केलेली नसेल तर सगळी समीकरणं पुन्हा टंकायची.

कुणी विचारेल, डेसमॉस आणि जिओजेब्रा ही आलेख काढणारी सॉफ्टवेअरं फुकट असताना हा उपद्व्याप कशाला? बरोबर आहे. गणित शिकवायचं असेल तर तीच साधनं बरी. पण घोडबंदर रोडवर आणि नवी मुंबईत आंतरराष्ट्रीय बोर्डांच्या ज्या शाळा उभ्या राहिल्या, तिथल्या आयबीच्या (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) आणि केंब्रिजच्या काही पेपरांना हातात ग्राफिंग कॅल्क्युलेटर लागतो. मग गणिताबरोबर यंत्रही शिकवावं लागतं, आणि तळहाताएवढं यंत्र चाळीस मुलांना एकदम दाखवायचं तर ते भिंतीवरच चढवायला हवं. राज्य मंडळाच्या बारावीच्या वर्गात तर मजा आणखी वेगळी. तिथे प्रश्नपत्रिकेवरच छापलेलं असतं की लॉगॅरिदमचं टेबल चालेल, कॅल्क्युलेटर चालणार नाही. तरीही तिथे एम्युलेटर लावावा असं माझं मत आहे. कारण पुढे येईल.

आधी मांडामांड. टीआयचा स्वतःचा एम्युलेटर स्मार्टव्ह्यू विकत घेतलात तर सगळं आत भरूनच येतं. वर कोणती बटणं दाबली त्याची पट्टीही बाजूला दिसते, आणि मागच्या बाकावरच्यांसाठी ती वरदान आहे. वॅबिटएम्यूसारखा फुकटचा एम्युलेटर घेतलात, तर हाती येतं फक्त कवच. त्यात घालायची रॉम, म्हणजे ती मूळ प्रणाली, आपली आपण आणायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? ही रॉम कंपनीच्या मालकीची. शाळेच्या कपाटात एक खरा कॅल्क्युलेटर असेल तर त्यातून केबलने ती उतरवून घेणं हा सरळ रस्ता. कुठल्याशा साइटवरून उचललेली रॉम वर्गात लावून मुलांना कॉपी करू नका असं सांगणं जरा जड जातं.

मग प्रोजेक्टर. कॅल्क्युलेटर उभट, पडदा आडवा. अख्खं कवच मावेल असं लहान केलं तर आकडे दिसत नाहीत, मोठं केलं तर ‘एंटर’ची ओळ पडद्याखाली जाते, आणि ‘एंटर’शिवाय या यंत्राचं पान हलत नाही. विंडोजमध्ये डिस्प्लेचं स्केलिंग १२५ किंवा १५० टक्के ठेवलेलं असेल तर हमखास असं होतं. ते १०० वर आणा, विंडोज आणि पी दाबून ‘डुप्लिकेट’ निवडा आणि मग प्रोग्रॅम उघडा. आधी उघडून मग बदललंत तर आकार पुन्हा बिघडू शकतो. मूळ पडदा अवघा ९६ गुणिले ६४ ठिपक्यांचा. भिंतीवर एकेक ठिपका बिस्किटाएवढा दिसतो. हे आत्ताच लक्षात ठेवा, पुढची सगळी भानगड या ठिपक्यांनी केलेली आहे.

तास सुरू होण्याआधी रीसेट करून घ्यावा: सेकंड, प्लस, मग ७, १, २. ‘रॅम क्लिअर्ड’ अशी पाटी येते. आधीच्या वर्गाची समीकरणं, याद्या आणि त्या वर्गातल्या कुणा कलावंताने काढलेली चित्रं धुऊन निघतात. मात्र रीसेटनंतर कोन रेडियनमध्ये जातात. अंशांचा धडा असेल तर ‘मोड’मध्ये जाऊन बदलायला विसरू नका, नाहीतर साइन ३० म्हणजे उणे ०.९८८ येईल आणि पुस्तक चूक की यंत्र यावर वर्गात मतदान होईल.

आता पहिलं उदाहरण. पुस्तकातल्या टॅक्सीपेक्षा आपली रिक्षा घ्या. फेब्रुवारी २०२५ पासूनचा दर: पहिल्या दीड किलोमीटरला २६ रुपये, पुढे किलोमीटरला १७.१४. तुकड्यांचं फलन शिकवायला याहून सोयीचं काही नाही, कारण मुलं रोज स्टेशनवरून त्याच फलनावर बसून येतात. ‘वाय=’ मध्ये लिहायचं: २६, कंसात एक्स लहान किंवा समान १.५, अधिक, कंसात २६ अधिक १७.१४ गुणिले आतल्या कंसात एक्स वजा १.५, आणि पुन्हा कंसात एक्स मोठा १.५. लहान-मोठ्याच्या खुणा सेकंड आणि मॅथ दाबल्यावर मिळतात. अट खरी असेल तर कंसाची किंमत १, खोटी असेल तर ०. सगळी करामत एवढ्यावरच. सगळं बिनचूक लिहून ‘झूम ६’ दाबावं, तर पडद्यावर अक्षांशिवाय काही नाही.

“सर, ग्राफ आलाच नाही.”

आला आहे, पण छताच्या वर. ‘झूम ६’ची प्रमाणित खिडकी, म्हणजे अक्षांचा दिसणारा भाग, उणे १० ते १०, आणि रिक्षावाला २६च्या खाली उतरत नाही. घाबरून ‘झूम ०’, म्हणजे झूमफिट दाबलंत तर आलेख दिसतो, पण डावीकडे उणे १० किलोमीटर जाऊनही २६ रुपये पडताना दिसतात. खिडकी हातानेच लावावी: एक्स ० ते ९.४, वाय ० ते १८०. हा ९.४ चक्रम वाटतो, पण आलेखाला मिळतात ९५ ठिपके, त्यांच्यामधल्या फटी ९४, म्हणून ट्रेस करताना, म्हणजे आलेखावरून चालताना, कर्सर बरोबर ०.१ किलोमीटरने सरकतो. ४ किलोमीटरला ६८.८५ दिसतं. इथे कुणीतरी सुट्ट्या पैशांचा प्रश्न काढतो आणि तास दोन मिनिटं स्टेशनच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

प्रमाणित खिडकीतच ट्रेस केलंत तर पहिल्याच पावलाला एक्स .२१२७६५९६ येतो. मुलांना वाटतं यंत्राला ताप आला. २०ला ९४ने भागून बघा म्हणावं. ‘झूम ४’, म्हणजे झेड-डेसिमल घेतलं की खिडकी उणे ४.७ ते ४.७ होते आणि पावलं शहाण्यासारखी ०.१ची पडतात. त्रिज्या ३चं वर्तुळ (वरचा आणि खालचा भाग वेगळा लिहून, कारण या यंत्राला एक्स-वायचं मिश्र समीकरण थेट खपत नाही) प्रमाणित खिडकीत आडवं अंडं होतं आणि दोन्ही टोकांना अक्षाला टेकतही नाही. झेड-डेसिमलमध्ये ते गोल होतं आणि टेकतं, कारण एक्स बरोबर ३ असलेला ठिपका तिथे आहे. तरीही अंडंच दिसलं तर दोष प्रोजेक्टरचा. फूटपट्टी घेऊन भिंतीवरच्या आलेखाची लांबी-रुंदी मोजा. ते गुणोत्तर ३ला २च्या आसपास नसेल तर प्रोजेक्टर चित्र ताणतो आहे, आणि मग रिमोट शोधणं आलं. रिमोट कुठे असतो हे शाळेत फक्त शिपाईमामांना माहीत असतं.

चुकांच्या पाट्यांमध्ये माझी लाडकी ‘इनव्हॅलिड डिम’. समीकरण एक्सचा वर्ग इतकं निरागस असतानाही ती येते. कारण वर कोपऱ्यात ‘प्लॉट१’ काळा झालेला असतो: कुणीतरी संख्याशास्त्राचा आलेख चालू ठेवून गेलं, यादी मात्र रिकामी आहे. ‘वाय=’ मध्ये कर्सर वर नेऊन एंटर दाबला की प्लॉट विझतो. ‘सिंटॅक्स’ची पाटी बहुतेक वेळा उणे आणि वजा यांच्या घोळातून येते. वजाबाकीचं बटण उजव्या रांगेत, उण्याचं एंटरच्या डावीकडे. पाटीवर दोन पर्याय असतात, ‘क्विट’ आणि ‘गोटू’. ‘गोटू’ थेट चुकीच्या जागी नेऊन सोडतो. मुलं तरीही ‘क्विट’ निवडतात.

भरती-ओहोटीचा प्रयोग वाशीच्या मुलांसाठी तर हवाच. खाडी पुलावरून रोज दिसते. पावसाळ्यात भरतीच्या वेळा आणि उंची वर्तमानपत्रांतही येतात. वेळा पहिल्या यादीत, उंची दुसरीत, मग ‘स्टॅट’, ‘कॅल्क’, आणि बिंदूंना साइनचा वक्र बसवणारं ‘साइनरेग’. इथे दोन खड्डे आहेत. पहिला वेळेचा: दोन भरत्यांमधलं अंतर साधारण १२ तास २५ मिनिटं, आणि मुलं ते १२.२५ लिहितात. २५ मिनिटं म्हणजे ०.४२ तास. दुसरा खड्डा खोल आहे: साइनरेग उत्तर नेहमी रेडियनमध्ये देतो, यंत्र अंशांत असलं तरीसुद्धा. समीकरण अचूक, आणि त्याचा आलेख जवळजवळ सपाट, जणू खाडीला भरती येतच नाही. मोड बदला की पाणी चढतं. एक्सचा सहगुणक ०.५च्या जवळपास आला पाहिजे, कारण २ पायला १२.४२ने भागलं की ०.५०६ येतं. आपल्या किनाऱ्यावर दिवसाच्या दोन भरत्या सारख्या उंचीच्या नसतात, म्हणून बिंदू वक्राला तंतोतंत चिकटत नाहीत. ते चिकटवायला जाऊ नका, त्यावरच अर्धा तास छान बोलता येतं.

एकाच भिंतीवर दोन एम्युलेटर मात्र सांभाळून लावा. ६ भागिले २ कंसात १ अधिक २. टीआय-८४ प्लस ९ म्हणतो, कॅसिओचा एफएक्स-९९१ईएक्स १ म्हणतो. कॅसिओ न लिहिलेल्या गुणाकाराला आधी मान देतो आणि स्वतःच जादा कंस घालून दाखवतो. टीआय डावीकडून उजवीकडे सरळ जातो. हे संध्याकाळपर्यंत पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पोहोचतं आणि एखाद्या काकांना चिन्हांच्या जुन्या नियमांची आठवण होते.

बारावीच्या वर्गाचं राहिलं. सातत्य आणि डेरिव्हेटिव्हचा धडा झाला, मॉड एक्सला शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह नाही हे वहीत लाल शाईने चौकटीत गेलं, की यंत्राला विचारा. ‘मॅथ ८’, म्हणजे एनडेरिव्ह, त्यात मॉड एक्स आणि बिंदू ०. यंत्र बेधडक ० सांगतं. ते डावीकडे ०.००१ आणि उजवीकडे ०.००१ जाऊन दोन किंमतींची वजाबाकी करतं. इथे दोन्ही किंमती सारख्याच, म्हणून शून्य. खरोखर शून्यावर काय घडतं तिकडे ते बघतही नाही. परीक्षेत ज्याला प्रवेश नाही अशा यंत्राला वर्गाने खोटं पाडणं यात मुलांना जो आनंद होतो, तो मी कुठल्याही आकर्षक अॅनिमेशनने झालेला पाहिलेला नाही. एम्युलेटरचा वेग वाढवता येतो, पण तो मूळच ठेवा, आलेख डावीकडून उजवीकडे रांगत जाताना दिसू द्या.

मग त्यांना साइन ४८ एक्स काढायला सांगा. मोड रेडियन, ‘झूम ७’. या खिडकीत दर ठिपका पाय भागिले २४ने पुढे जातो. ४८ने गुणलं की प्रत्येक ठिपक्यावर २ पायची पूर्ण पट, म्हणजे साइन शून्य. दर २ पायमध्ये ४८ वेळा थरथरणारी लाट अक्षावर झोपून राहते आणि पडद्यावर नवीन काहीच दिसत नाही. ‘सर, परत नाही आला’ असं म्हणेपर्यंत ४८चे ४९ करा. आता नीटस, गुबगुबीत लाट, साध्या साइन एक्सपासून ओळखता न येणारी. ९७ घातलं तरी तीच. काळ्या-पांढऱ्या मॉडेलवरच हे आकडे जमतात, रंगीत मॉडेलचे ठिपके वेगळे आहेत. ४७ घातलं तर काय येईल हे आलेख काढण्याआधी वहीत लिहायला लावा. ज्यांनी उलटी लाट काढली त्यांना ४८ वजा १ सुचलं, बाकीच्यांना अजून दोन मिनिटं द्या आणि तेवढ्यात ‘ऑन’ दाबून ठेवा, कारण यंत्र पुन्हा झोपलेलं असेल.