परभणीच्या डॉक्टरांना उत्तर: मेमो, चेकलिस्ट आणि पंख्याखालचा बेड

डॉक्टर, नमस्कार.

तुमची प्रतिक्रिया लांब होती आणि तिखटही, म्हणून वेगळी पोस्टच लिहिते. ज्यांनी ती वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ओटीत (ऑपरेशन थिएटरमध्ये) सुरक्षा चेकलिस्ट हवी, वॉर्डात चुका आणि थोडक्यात टळलेले अपघात नोंदवायला वही हवी आणि दोन्हींकडे रुग्णालयाच्या प्रमुखांनी जातीनं बघावं, असं मी मागच्या लेखात म्हटलं होतं. त्यावर परभणीच्या या सर्जननी लिहिलं: 'हे अमेरिकेचे चोचले. इथं नाइटला एका सिस्टरकडे चाळीस पेशंट, उन्हाळ्यात नळाला पाणी नाही, त्यात तुमचे फॉर्म. चूक कागदावर आली की नातेवाईक काचा फोडतात आणि वकील तोच कागद कोर्टात दाखवतो. क्वालिटी म्हणजे शेवटी भिंतीवरचं सर्टिफिकेट. एवढं असून सुरुवात कुठून करू, तेही सांगून टाका.'

फॉर्मबद्दल मी तुमच्याच बाजूची आहे. इन्स्पेक्शनच्या आदल्या रात्री फ्रीजच्या तापमानाचं अख्खं रजिस्टर एकाच पेनानं, एकाच अक्षरात भरलेलं मीही पाहिलंय. त्यानं एकही लस थंड राहत नाही.

पण 'अमेरिकेचे' हे काही खरं नाही. जागतिक आरोग्य संघटनेची शस्त्रक्रियेची चेकलिस्ट आठ शहरांतल्या आठ रुग्णालयांत तपासली गेली. त्यांत आपली दिल्ली होती, टांझानियातलं इफाकारा होतं. २००९ मध्ये निष्कर्ष छापून आले: मृत्यूंचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ वर. याच्या उलटा पुरावाही आहे. तुम्ही तो दिला नाहीत, मीच देते. कॅनडातल्या ओंटारियो प्रांतात १०१ रुग्णालयांत चेकलिस्ट लागू झाली, त्यावरचा अभ्यास २०१४ मध्ये आला, मृत्यूंत लक्षणीय फरक नाही. उत्तर प्रदेशात १२० प्रसूती केंद्रांवर बाळंतपणाच्या चेकलिस्टचा मोठा प्रयोग झाला. कर्मचारी खरोखरच जास्त नीट वागू लागले, पण माता-बालमृत्यू फारसे हलले नाहीत (२०१७). म्हणजे नुसत्या कागदावर माझाही भरवसा नाही.

मग कशावर आहे? अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये आयसीयूतल्या सेंट्रल लाइनच्या (हृदयाजवळच्या मोठ्या शिरेत घातलेल्या नळीच्या) संसर्गावर काम झालं, २००६ मध्ये प्रसिद्ध झालं. हात धुणं, पेशंटला निर्जंतुक कापडानं पूर्ण झाकणं, त्वचेला क्लोरहेक्सिडीन हे जंतुनाशक लावणं, शक्यतो मांडीतून लाइन न घालणं, गरज संपली की काढून टाकणं. यातली कोणती गोष्ट तुम्हाला एमबीबीएसला शिकवली नव्हती? तरी संसर्गात ६६ टक्क्यांपर्यंत घट झाली. तिथं नवीन होतं त्यात महत्त्वाचं हे, की डॉक्टरनं पायरी गाळली तर त्याला थांबवायचा अधिकार सिस्टरला होता आणि वरची मंडळी तिच्या पाठीशी होती. हे करायला परभणीत किती खर्च येईल?

आता चाळीस पेशंटचं. मनुष्यबळ कमी आहे, ते वाढायलाच हवं, त्यासाठी तुम्ही भांडा, मीही भांडते. पण हात कमी असतात तिथंच चुकीला जागा ठेवून चालत नाही. मे महिन्यातला आपला कुठलाही जनरल वॉर्ड बघा. दुपारी लाइट जाऊन आली की चालू पंख्याखालचा बेड रिकामा दिसायची खोटी, शेजारची बाई तिथं जाऊन पडते. सिस्टर ओव्हर (आधीच्या शिफ्टकडून पेशंटची माहिती) घेताना ऐकते 'बारा नंबर, अँटिबायोटिक', आणि जाऊन विचारते, 'तुम्हीच संगीताबाई ना?' ग्लानीतली बाई म्हणते, 'हाव.' आपल्या वॉर्डात या प्रश्नाला कुणी नाही म्हणत नाही. बेड नंबरावर औषध द्यायचं नाही, 'तुमचं पूर्ण नाव सांगा' असं विचारायचं, बेशुद्ध असेल तर मनगटावरच्या चिकटपट्टीवरचं नाव वाचायचं. याला फॉर्म लागत नाही.

पोटॅशियम क्लोराइडचंही तसंच; पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबवू शकतं असं हे औषध. ट्रेमध्ये डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारी पोटॅशियमचं अँप्यूल, रात्रीचे तीन, ट्यूबलाइट लुकलुकतेय. तिथं सिस्टरला 'लक्ष देऊन काम कर' म्हणणं हा उपाय नाही. जनरल वॉर्डातून ते अँप्यूल उचला, आयसीयूत वेगळ्या कपाटात कुलपात ठेवा. जागतिक आरोग्य संघटना २००७ पासून हेच सांगते आहे. चाळीस पेशंटवाल्या सिस्टरचं काम यानं वाढत नाही, एक धोका तेवढा कमी होतो.

पाण्याचं म्हणाल, तर २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, ते आपण कुणी विसरलेलो नाही. हाताला रक्त-घाण दिसत असेल तर साबण-पाणी लागतंच. एरवी दोन पेशंटच्या मध्ये अल्कोहोलचा हँडरब वीस-तीस सेकंद चोळला की भागतं. त्याची कृतीही जागतिक आरोग्य संघटनेनं खुली ठेवली आहे: ८० टक्के इथेनॉल, थोडं ग्लिसरॉल, थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड. कोविडमध्ये आपल्या साखर कारखान्यांनी सॅनिटायझर बनवलंच होतं. अल्कोहोलचा तुटवडा या राज्यात कधी ऐकला नाही.

खरा मुद्दा तुमचा भीतीचा आहे. एका रुग्णालयात (नाव घेत नाही) एका सिस्टरनं रक्ताची पिशवी लावण्याआधी पाहिलं, तर ग्रुप दुसऱ्याच पेशंटचा. तिनं थांबवलं आणि प्रामाणिकपणे वहीत लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिलाच मेमो: पिशवी बेडपर्यंत आलीच कशी? त्यानंतर ती वही कोरी राहिली आणि वार्षिक बैठकीत 'शून्य घटना' म्हणून टाळ्या पडल्या. मेट्रन असो की अधिष्ठाता, त्यांनी पहिल्या चुकीला काय केलं हे अख्खा स्टाफ बघून ठेवतो, मावशी-मामांसकट.

नांदेड आठवा. २०२३ च्या ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिथल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू, त्यांत १२ नवजात. औषधं, खाटा, उशिरा रेफर होऊन आलेली बाळं, यावर महिनोन्‌महिने बोलायला हवं होतं. लोकांच्या लक्षात राहिलं ते खासदारांनी अधिष्ठात्यांना स्वच्छतागृह साफ करायला लावलं, ते दृश्य. ते पाहून कुठल्या वॉर्डातली सिस्टर आपणहून चूक कळवायला पुढे येईल?

वकिलाची भीती मी उडवून लावत नाही. पण २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलंय की साधी चूक किंवा निर्णयातली गफलत म्हणजे फौजदारी निष्काळजीपणा नव्हे. वहीत पेशंटचं नाव नको, सिस्टरचंही नको. काय झालं, कुठं, कोणत्या शिफ्टला, एवढं पुरतं. केस पेपर वेगळा, तो कायद्यानं ठेवायचाच असतो आणि त्यात खाडाखोड करणं हे कोर्टात जास्त महागात पडतं.

सर्टिफिकेटवर फार लिहीत नाही. बीडमध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न पेटला, तेव्हा राज्याच्या समितीनं सुमारे ८२ हजार बायकांची पाहणी केली. १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. यातल्या किती खरंच गरजेच्या होत्या, हा गुणवत्तेचा प्रश्न आहे, आणि भिंतीवरच्या फ्रेमला तो विचारता येत नाही.

सुरुवात कुठून, हे तुम्ही टोमण्यानं विचारलंत, मी सरळ सांगते. तुमच्याच ओटीतून. पोट बंद करायच्या आधी स्क्रब सिस्टर म्हणाली, 'सर, एक मॉप (पोटात रक्त टिपायचं कापड) कमी आहे,' तर टाका घालायचा नाही. भूलतज्ज्ञांना थांबायला सांगायचं, परत मोजायचं, शोधायचं, नाहीच सापडला तर एक्स-रे. आणि मॉप शेवटी बादलीत सापडला तरी तिच्यावर चिडायचं नाही, पुढच्या केसलाही तिनं बोललं पाहिजे. हे आठवडाभर करा, मग पोटॅशियमचं कपाट. वहीचा नमुना मी एका पानात मराठीत करून ठेवलाय. ईमेल टाका, पाठवते.