पुळणीची वाळू, स्लॅब आणि मामांचं घर

रविवारी सकाळी अंजर्ल्याहून मामांचा फोन आला. "पुढच्या आठवड्यात जेसीबीवाला मोकळा आहे, घर पाडून घेतो." असं अचानक का, म्हणून विचारलं तर त्यांनी एक मेसेज पाठवला. 'कोकणातलं घर पर्यावरणपूरक करा', खाली सात मुद्दे. हाच मेसेज आठवडाभर माझ्या तीन ग्रुपवर फिरत होता आणि मी तो उघडलाही नव्हता. आता नीट वाचला. सिव्हिलचा डिप्लोमा करून गेली अठरा वर्षं मी दापोली-रत्नागिरी पट्ट्यात साइटवर काम करतोय. हे वाचून गप्प बसणं मला जमणार नाही.

पहिला मुद्दा असा: "जांभ्या-कौलांच्या घरात लाकडाची नासाडी होते. ते पाडून आरसीसी बांधा, झाडं वाचतील." मामांच्या घराच्या तुळया आईनाच्या, वासे किंजळाचे. ती झाडं माझ्या पणजोबांच्या काळात तुटली. घर पाडल्याने त्यातलं एकही परत उगवणार नाही. नव्या घराला मात्र नवं सिमेंट लागणार. सिमेंटसाठी चुनखडक भाजावा लागतो. भट्टीतल्या कोळशाचा धूर बाजूला ठेवा, खुद्द त्या दगडातूनच कार्बन डायऑक्साइड सुटतो. जगाच्या एकूण कार्बन उत्सर्जनात एकट्या सिमेंटचा वाटा सात-आठ टक्के आहे. उभं, धड असलेलं घर पाडून हा खर्च नव्याने करायचा आणि त्याला पर्यावरणपूरक म्हणायचं?

इथे एक गोष्ट मान्य करतो, ती मेसेजमध्ये नसली तरी. नवा जांभाही निर्दोष नाही. चिरेखाणींनी आपले सडे, म्हणजे कातळाची पठारं, कशी पोखरलीत ते रत्नागिरी-राजापूर रस्त्याने जाताना दिसतं, आणि त्याच सड्यांवर कातळशिल्पं आहेत. पण म्हणूनच जुना चिरा मोलाचा. मातीत किंवा चुन्यात बसवलेला चिरा अलगद सुटतो आणि पुन्हा वापरता येतो. जेसीबीच्या बकेटखाली त्याचा चुरा होतो.

आता तिसरा मुद्दा, ज्याच्यासाठी मी हे लिहायला बसलो. "नदीची वाळू लांबून आणू नका. जवळच्या पुळणीवरची वाळू दोन पाण्यांनी धुवून वापरा. वाहतूक वाचते, डिझेल वाचतं." पुळण म्हणजे समुद्रकिनाऱ्याची वाळवंटी पट्टी. मामांनी याच ओळीवर बोट ठेवून विचारलं, "हे बरं नाही का?"

नाही. हे घर राहत्या माणसांच्या डोक्यावर पाडायची तयारी आहे.

काँक्रीट अल्कधर्मी असतं, त्यामुळे आतल्या सळईवर एक पातळ संरक्षक थर तयार होतो आणि ती गंजत नाही. मिठातलं क्लोराइड तो थर फोडतं. मग सळई आतून गंजते, गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो आणि काँक्रीट आतून फुटतं. भारतीय मानक आयएस ४५६, सन २००० ची आवृत्ती, ही आपल्याकडच्या काँक्रीटच्या कामाची पोथी. सळई असलेल्या काँक्रीटमध्ये एका घनमीटरला ०.६ किलोपेक्षा जास्त क्लोराइड चालत नाही, असं त्यात आहे. एक घनमीटर म्हणजे साधारण २४०० किलो माल, त्यात वाळू सातशे किलोच्या आसपास. त्या वाळूत हजारात एक भाग क्लोराइड उरलं तरी सातशे ग्रॅम झालं, मर्यादा ओलांडली. दोन पाण्यांनी धुतल्यावर किती उरलं हे कोण मोजणार? आणि धुवायचं कुठल्या पाण्याने? मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या किती विहिरींचं पाणी गोडं राहतं, ते मामांनाच ठाऊक आहे.

समुद्राची वाळू कारखान्यात धुवून, प्रयोगशाळेत तपासून वापरता येते, हे खरं. पण तो कारखाना पिंपातल्या दोन पाण्यांनी उभा राहत नाही. शिवाय किनारा नियमन क्षेत्रात वाळू काढायला कायद्याने मनाई आहे. ज्या पुळणीत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात, तीच उपसून घर 'हिरवं' करा असं लिहिणाऱ्याचा मला राग येतो. वेळास आणि अंजर्ल्याच्या माणसांनी ती घरटी राखायला किती रात्री जागवल्यात!

मी हे पुस्तकातून सांगत नाही. २००८ साली खाडीच्या तोंडाशी एक बंगला झाला, ठेकेदाराने वाळू तिथलीच भरली. मी तेव्हा नवखा होतो, बोललो नाही. नवव्या वर्षी बेडरूमच्या छतातून परातीएवढा तुकडा पलंगावर पडला. दुपारची वेळ होती, खोलीत कुणी नव्हतं म्हणून निभावलं. वर पाहिलं तर सळई बोटाने सोलता येत होती.

"स्लॅबला शंभर वर्षं मेंटेनन्स नाही" हा मुद्दाही इथेच निकालात निघतो. आयएस ४५६ किनारपट्टीचं वातावरण 'तीव्र' वर्गात धरतं. त्यासाठी किमान एम-३० प्रतीचं (एम-पुढचा आकडा काँक्रीटची ताकद सांगतो) काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे सळई झाकणारा काँक्रीटचा थर, हवा. लाटांचे तुषार अंगावर येत असतील तर एम-३५ आणि ५० मिलिमीटर. आपल्याकडे हे अंतर राखायला सळईखाली काय सरकवतात? खडीचा तुकडा, नाहीतर फुटकी फरशी. गावात फेरी मारून बघा, पाच-सहा पावसाळे झालेल्या बहुतेक स्लॅबवर लोखंडी सांगाडा आणि पत्रे चढलेले दिसतील. गळती थांबवायला छपरावर छप्पर!

जांभ्याच्या भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वर वॉटरप्रूफ रंग द्या, असंही त्यात आहे. जांभा पाणी पितो, खरं आहे. पण ओल फक्त पावसाच्या झडीने येत नाही, ती जोत्यातून वरही चढते. चुन्याच्या गिलाव्यातून ती सुकून जाते. सिमेंट आणि रंगाने बाहेरची वाट बंद केली की ती आत घराकडे फुटते, मग कमरेइतक्या उंचीपर्यंत पोपडे आणि खारवट पांढरा थर. झडीला उपाय जुनाच: पाखं पुढे काढा, नैऋत्येला पडवी ठेवा.

मोठ्या काचा, स्लॅबवरून पावसाचं पाणी साठवणं, पांढरा रंग, यांवर वेळ घालवत नाही. पाणी कौलांच्या पन्हळीतूनही साठतं, आणि पश्चिमेला छज्ज्याशिवाय काच लावली तर दुपारी त्या खोलीत बसवणार नाही.

राहिला वादळाचा मुद्दा, आणि तो मी टाळणार नाही. ३ जून २०२० ला निसर्ग वादळात मामांच्या ओटीवरची अर्धी कौलं उडाली. मामा-मामी शेजारच्या स्लॅबच्या घरात बसून राहिले, म्हणून सुखरूप आहेत. ती भीती ज्याने पाहिली त्याला स्लॅब हवासा वाटणारच. पण त्या दिवशी त्या शेजारच्या स्लॅबवरचे पत्रेही नारळीच्या बागेत जाऊन पडले होते. मंगलोरी कौलाच्या पोटाला भोक असलेली गाठ असते, ती रिपेला, म्हणजे वाशांवरच्या लाकडी पट्टीला, तारेने बांधण्यासाठीच. आपण बांधत नाही, नुसती मांडतो. किनाऱ्यावर तार तांब्याची किंवा स्टेनलेसची घ्यायची, निदान कडेच्या दोन-तीन ओळी आणि आढं बांधून काढायचं, वासे भिंतीवरच्या तुळईला बोल्टने जखडायचे.

मामांशी काल पुन्हा बोललो. जेसीबी रद्द केला आहे. मागच्या बाजूला न्हाणीघर आणि एक खोली एवढ्यालाच स्लॅब घालायचा ठरलं. एम-३०, ४५ मिलिमीटर कव्हर, वाळू तपासून, आणि ओतायच्या दिवशी मी स्वतः हजर. वादळ आलं तर बसायला ती खोली. बाकीच्या घराचे वासे बघायला शनिवारी सुतार येतोय. वाळवी लागलेले चार-पाच निघतील असा त्याचा अंदाज आहे. ते बदलून मे संपायच्या आत शाकारणी, म्हणजे कौलं उतरवून पुन्हा नीट बसवणं, उरकायची आहे.