नाताळात महाबळेश्वरला जायलाच हवं, पोरांसाठी

गेला नाताळ गुरुवारी आला होता. शुक्रवारची एक रजा टाकली की रविवारपर्यंत सलग चार दिवस. हा शोध अख्ख्या पुण्यात फक्त तुम्हाला लागलेला असतो, त्यामुळे निर्धास्त निघायचं. आम्हीही निघालो होतो. २०२६ चा २५ डिसेंबर शुक्रवारीच येतोय, म्हणजे रजेचीही कटकट नाही. तेव्हा लहान पोरं घेऊन निघणाऱ्या आईबापांच्या सोयीसाठी काही सूचना लिहून ठेवते.

पहिली गोष्ट, ही सहल मुलांसाठी आहे हे स्वतःला पुन्हा पुन्हा सांगत राहा. मुलांना मात्र विचारू नका. विचारलंत तर ती म्हणतील, आजीकडे जाऊ.

पहाटे पाचला निघू, असं आदल्या रात्री सगळ्यांनी म्हणायचं असतं. प्रत्यक्षात नऊला निघा. खेड शिवापूरच्या टोलनाक्यावर तुमच्या सोसायटीतली निम्मी कुटुंबं भेटतात, ओळखपाळख राहते. पुढे मिसळीला थांबा. धाकट्याला तिखट लागणार, मग दूध मागवा, मग ते दूध पिऊन खंबाटकी चढा. येताना बोगदा असतो, जाताना आम्हाला घाटच चढावा लागला, आणि दमलेल्या कंटेनरच्या मागे दूध प्यायलेलं पोर किती वेळ शांत राहतं ते तुम्हाला कळेलच.

रिसेप्शनवर मुलाचं वय चार सांगायचं असेल तर ते आदल्या दिवशी मुलालाही सांगून ठेवा.

हॉटेलचं बुकिंग करताना नियम वाचू नका, मजा जाते. चेक-इन दुपारी एकला, चेक-आउट सकाळी दहाला. दिवसाचे तास चोवीस, हे तुमच्या पोरांच्या शाळेतलं गणित. इथे ते चालत नाही. शिवाय नाताळच्या रात्रीचं जेवण सक्तीचं. त्याला गाला डिनर म्हणतात आणि त्याचे पैसे वेगळे. पाच वर्षांवरच्या मुलाचे अर्धे. आमच्या थोरल्याने त्या अर्ध्या पैशांत दहीभात खाल्ला, तोही किचनमध्ये जाऊन, हातापाया पडून मिळवलेला, कारण बुफेत पास्ता होता, मंचुरियन होतं, तीन तऱ्हेचे केक होते, फक्त दही संपलं होतं. जेवण साडेनऊला सुरू. तुमची मुलं नऊला झोपतात हे हॉटेलला कळवायची गरज नाही, कारण दहाला डीजे लागतो आणि मग कोणीच झोपत नाही.

तिथे सांताक्लॉज येतो. तो दुपारी आपल्या बॅगा वर नेणारा दादाच असतो, पण मुलांना सांगायचं नाही. कापसाची दाढी नाकावर चढलेली, लाल झग्याखालून हॉटेलच्या गणवेशाची पँट डोकावतेय, आणि अडीच वर्षांचं पोर त्याच्याकडे बघून जिवाच्या आकांताने रडतंय. अशा वेळी पोराला मागे घ्यायचं नाही, पुढे ढकलायचं. फोटो हवा ना? त्या बिचाऱ्या दादाची पण कमाल. पंधरा पोरं अंगावर रडली तरी तो चॉकलेटं वाटत होता.

ज्यांचा खरोखरचा सण आहे ते वसईचे लोक या दिवसांत घरी गोठे सजवतात, मध्यरात्रीच्या मिस्साला जातात, पाहुण्यांना फराळ देतात. त्यांना बहुधा सुट्टी कशी घालवायची ते कळत नसावं.

सकाळी सहाला मुलांना उठवून वेण्णा लेकवर न्या. दवबिंदू गोठल्याची बातमी आदल्या आठवड्यात आलेली असते.

पॉइंट दाखवायला विसरू नका. एल्फिन्स्टन, ऑर्थरसीट, केट्स, विल्सन. मुलांना त्यातलं काहीही दिसत नाही. कठड्याची उंची त्यांच्या डोक्याच्या वर. त्यांना दिसतं ते पार्किंगमधलं माकड आणि कणीसवाल्याची शेगडी. आमची धाकटी ऑर्थरसीटला पोचून तिथल्या खड्यांशी अर्धा तास खेळली आणि निघताना रडली. खडे आमच्या सोसायटीतही आहेत, फुकट आहेत. असो.

आता मुख्य सूचना: घाट कसा चढावा.

सुरूर फाट्यावरून वाई, आणि वाईतून वर पसरणीचा घाट. एक गाडी वर, एक गाडी खाली, एवढाच तो रस्ता. रांग लागलेली दिसली की रांगेत थांबायचं नाही. रांगेत थांबतात ते बावळट. तुमची गाडी मोठी आहे, पांढरी आहे, मागच्या काचेवर महाराजांचं चित्र आहे, म्हणजे उजवीकडून पुढे जाण्याचा अधिकार तुम्हाला जन्मजात आहे. तुम्ही गेलात की तुमच्या मागे आणखी दहा जण येतील, मग वरून उतरणारी एसटी वळणावर समोर उभी ठाकेल, मग तुम्ही डावीकडे घुसायला जागा मागाल, आणि जागा नाही दिली तर काच खाली करून आमची आयमाय काढाल. एसटीला मागे जाता येत नाही, तिच्या मागे चाळीस गाड्या. तुम्हाला मागे जाता येत नाही, तुमच्या मागे तुमच्यासारखेच दहा. मग सगळ्यांनी मिळून हॉर्न वाजवायचा. हॉर्नने एसटी पातळ होते आणि बाजूने जाते, असं शास्त्र आहे.

एसटीचा ड्रायव्हर इंजिन बंद करून उतरला आणि दगडावर जाऊन बसला. अनुभवी माणूस. एसटीतही बाया होत्या, कडेवर पोरं होती, त्यांना नाताळ बघायला जायचं नव्हतं, वाईला दवाखान्यात नाहीतर बाजाराला जायचं असेल. कोण विचारतो!

किती वेळ उभे होतो ते सांगत नाही. एवढंच सांगते की या वेळात थोरल्याला दोनदा शू लागली. घाटात कुठे कराल? एका बाजूला डोंगर, एका बाजूला दरी, मध्ये गाड्या. मुलगा आहे म्हणून निभावलं. मुलीच्या आयांनी काय करायचं, मोठ्या बायकांनी काय करायचं, यावर कुठल्याही पर्यटन महोत्सवात चर्चासत्र झाल्याचं ऐकिवात नाही. धाकटीला उलटी झाली. गोळी दिली होती, पिशवीही तयार होती, त्यामुळे सीट वाचली. पिशवीला गाठ मारून मी ती मांडीवर घेऊन बसले.

आणि समोरच्या गाडीची काच खाली आली. बांगड्या घातलेला एक हात बाहेर आला, हातात गुंडाळलेला डायपर. हात कठड्याच्या दिशेने झुलला आणि डायपर दरीत. काच वर. एसी सुरू. मागून थोड्या वेळाने वेफर्सचं पाकीट आणि ज्यूसचा डबा, तेही दरीत. त्या गाडीतही एक बाळ होतं, मागच्या काचेतून आमच्याकडे बघून हसत होतं.

धाकटी म्हणाली, "आई, आपली पिशवी पण टाक ना."

बरोबर आहे तिचं. चार वर्षांच्या पोरीने समोर बघून जे शिकायचं ते ती शिकली. तिला काय सांगू? वरचा महाबळेश्वर-पाचगणीचा पट्टा २००१ सालीच केंद्र सरकारने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर केलाय? खाली धोमचं धरण आहे, वाईच्या घाटांवरून वाहते ती कृष्णा आहे? की उद्या क्षेत्र महाबळेश्वरला पंचगंगेच्या देवळात जाऊन त्याच मावशी गोमुखाखाली हात धरतील आणि ते तीर्थ बाळाच्या ओठाला लावतील?

१८२९ साली गव्हर्नर माल्कमने साताऱ्याच्या महाराजांकडून ही टेकडी दुसऱ्या गावाच्या बदल्यात मिळवली, साहेबांना हवापालट हवी होती म्हणून. दोनशे वर्षं होत आली. आपण दरवर्षी डिसेंबरात हजारो गाड्या तिथे नेऊन जी पालटतो ती हवाच असते.

बास झाला उपरोध. तुम्हाला लाज वाटत नाही का? तुमच्या गाडीत लेकरू आहे म्हणून तुम्हाला घाई आहे, मग बाकीच्या गाड्यांत काय बटाट्याची पोती आहेत? उलट्या दिशेने घुसताना वळणावरून समोर ट्रक आला तर पहिला मार कोणाला बसतो? तुमच्या पुढच्या सीटवर मांडीवर बसवलेल्या पोराला. हो, मांडीवर. मागे चाइल्ड सीट नाही, पट्टा नाही, वर सनरूफमधून थोरलीला बाहेर काढून उभी केलेली. घाटात! त्याचे व्हिडिओ करता तुम्ही. हौस म्हणता त्याला. आणि महाराजांचं चित्र काचेवर लावून त्याच काचेच्या शेजारून कचरा फेकता? आधी ते चित्र काढा.

डायपर फेकायला तुमच्या बापाची दरी नाही. कागदात गुंडाळा, पिशवीत घाला, गाठ मारा, पायाशी ठेवा, हॉटेलवर पोचलात की तिथल्या कचऱ्याच्या डब्यात टाका. वास येतो? तुमच्याच पोराचा आहे, येऊ दे. रांग लागली की रांगेत थांबा. समोरच्याने उजवीकडून घातली म्हणून तुम्ही घालू नका. पोर मागे बसवा, पट्टा लावा. एवढं जमत नसेल तर येत्या डिसेंबरात घाटाकडे फिरकू नका. सारसबागेत जा, पोरांना भेळ द्या, गवतावर लोळू द्या. भेळेचा कागद मात्र तिथेही डब्यातच टाका.