टेलर यांनी फोटो पाहून अणुबॉम्बचं गुपित फोडलं नव्हतं

जी. आय. टेलर या ब्रिटिश शास्त्रज्ञाची एक गोष्ट भौतिकशास्त्राच्या वर्गांत, व्याख्यानांत आणि व्हॉट्सॲपवर सतत फिरत असते. ती थोडक्यात अशी: पहिल्या अणुस्फोटाचे फोटो अमेरिकेने मासिकात छापू दिले. टेलर यांनी ते पाहिले, पाकिटाच्या पाठीवर दोन ओळींचं गणित केलं आणि स्फोटाची ताकद सांगून टाकली. एका बाहेरच्या माणसाने अतिगोपनीय आकडा फोडला म्हणून अमेरिकेत खळबळ उडाली. गोष्ट चटकदार आहे, पण तिचा जवळजवळ प्रत्येक धागा कच्चा आहे. ज्या माणसाचं कौतुक करायला ती सांगतात, त्याचीच मेहनत ती पुसून टाकते.

टेलर बाहेरचे नव्हतेच. ब्रिटनमध्ये त्यांना युद्धकाळात विश्वासात घेऊन सांगितलं गेलं होतं की, अणुविखंडनातून प्रचंड ऊर्जा सोडणारा बॉम्ब बनू शकतो. असा बॉम्ब हवेत कसा धक्का देईल, हा प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला गेला. त्यांचा अहवाल २७ जून १९४१ चा आहे, म्हणजे स्फोटाच्या चार वर्षं आधीचा. फोटोच काय, तेव्हा बॉम्बही नव्हता. पुढे ते लॉस अलामॉसला, अमेरिकेच्या अणुबॉम्ब बनवणाऱ्या प्रयोगशाळेत गेले. बॉम्बमधला प्लुटोनियमचा गोळा चहूबाजूंनी एकसारखा दाबायचा होता, आणि हलका पदार्थ जड पदार्थाला ढकलतो तेव्हा मधली सीमा कशी विस्कटते यावरचं त्यांचं काम तिथे उपयोगाचं होतं. १६ जुलै १९४५ ला न्यू मेक्सिकोच्या वाळवंटात चाचणी झाली तेव्हा ते स्वतः ती पाहायला हजर होते. ज्याने स्फोट डोळ्यांनी पाहिला, त्याला आपण मासिक चाळणारा वाचक करून टाकलं आहे.

‘पाकिटाच्या पाठीवरच्या दोन ओळी’ हा भाग मला सगळ्यात जास्त खटकतो, कारण विद्यार्थी हाच भाग लक्षात ठेवतात. त्यात तथ्य एवढंच की, मितीय विश्लेषणाने, म्हणजे राशींच्या एककांचा मेळ घालून, सूत्राचा आकार मिळतो: ऊर्जा म्हणजे हवेची घनता गुणिले त्रिज्येचा पाचवा घात, भागिले वेळेचा वर्ग, आणि पुढे एक स्थिरांक. करून बघा. टेलर यांच्या तक्त्यात २५ मिलिसेकंदाला अग्निगोलाची त्रिज्या १३० मीटर आहे. १३० चा पाचवा घात सुमारे ३,७१३ कोटी. त्याला हवेच्या १.२५ किलो प्रति घनमीटर घनतेने गुणा, ०.०२५ च्या वर्गाने भागा. साधारण ७४ लाख कोटी ज्यूल येतात. एक टन टीएनटी (स्फोटांची ताकद ज्याच्या मापाने सांगतात ते स्फोटक) म्हणजे सुमारे ४१८ कोटी ज्यूल, तेव्हा उत्तर १७ ते १८ हजार टन.

जमलं ना? पण इथे आपण तो स्थिरांक गुपचूप १ धरला. तो १ च्या जवळ आहे, १०० किंवा ०.०१ नाही, हे मितीय विश्लेषण कधीच सांगत नाही. त्यासाठी टेलर यांनी धक्कालहरीच्या आतला दाब, घनता आणि वेग यांची समीकरणं मांडली आणि ती पायरीपायरीने, आकडेमोड करत सोडवली. संगणक नव्हता. साध्या हवेसाठी विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर (दाबल्यावर वायू किती तापतो हे ठरवणारा आकडा) १.४ धरलं तर स्थिरांक ०.८५६ येतो आणि सगळ्या मोजमापांवरून ऊर्जा १६,८०० टन. तेच गुणोत्तर १.३ धरलं, की उत्तर २३ हजारांच्या आसपास जातं. इतक्या तापलेल्या हवेला कोणतं गुणोत्तर लावायचं, हा खरा भौतिकीचा प्रश्न होता आणि त्यावर टेलर यांनी निबंधात चर्चाही केली आहे. अवघ्या तीन दिवसांनी, ३० जून १९४१ ला, अमेरिकेत थोर गणितज्ञ जॉन फॉन न्यूमन यांचाही याच प्रश्नावरचा अहवाल आला. फॉन न्यूमनसारख्या माणसाला ज्यावर अहवाल लिहावा लागला, ते पाकिटावरचं गणित नव्हे.

बरं, त्यांनी एकाच फोटोवर बोट ठेवलं असंही नाही. जे. ई. मॅक यांनी टिपलेल्या, तोवर गोपनीयता उठलेल्या चित्रांवरून ०.१ ते ६२ मिलिसेकंदांपर्यंतच्या त्रिज्या त्यांनी मोजल्या. त्यातली काही चित्रं ब्रिटनच्या पुरवठा मंत्रालयाने दिली होती. लॉगरिदमच्या आलेखावर ते बिंदू एका सरळ रेषेत बसले. १९४१ चा सिद्धांत १९४५ च्या स्फोटावर खरा उतरला, ही यातली खरी थरारक गोष्ट आहे, आणि नेमकी तीच कुणी सांगत नाही.

राहिलं गुपित. टेलर यांचे दोन्ही निबंध रॉयल सोसायटीने १९५० मध्ये छापले. त्याच्या कितीतरी आधी, ६ ऑगस्ट १९४५ लाच, राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी हिरोशिमावरचा बॉम्ब २० हजार टन टीएनटीपेक्षा ताकदवान असल्याचं जगाला जाहीर सांगितलं होतं. अमेरिकी सरकारी वर्तुळात निबंधामुळे काहींची पंचाईत झाली असेलही, पण अंदाज तर पाच वर्षांपूर्वीच वर्तमानपत्रांत आला होता.

आणि हाच त्यांचा मोठा पराक्रम, हे तर मुळीच मान्य करू नका. टेलर १८८६ चे, बूलियन बीजगणिताच्या जॉर्ज बूल यांचे नातू. (आजीचे काका म्हणजे आपल्याकडचे सर्व्हेअर जनरल जॉर्ज एव्हरेस्ट.) टायटॅनिक बुडाल्यानंतर, १९१३ मध्ये, हिमनगांवर नजर ठेवायला ‘स्कोशिया’ हे जहाज उत्तर अटलांटिकमध्ये पाठवलं गेलं. टेलर त्यावर हवामानतज्ज्ञ होते. डेकवरून पतंग उडवून ते वेगवेगळ्या उंचीवरचं तापमान मोजत. वाऱ्यातले भोवरे उष्णता वरखाली कशी नेतात, हे त्यातून त्यांनी मांडलं. १९२३ मध्ये त्यांनी एकात एक फिरणाऱ्या दोन नळकांड्यांमधल्या द्रवात एकावर एक रचलेली भोवऱ्यांची कडी कधी उमटतात, हे आधी गणिताने सांगितलं आणि मग रंग सोडून दाखवलं. आकडे जुळले. १९३५ मध्ये टर्ब्युलन्सचा, म्हणजे प्रवाहातल्या अस्ताव्यस्त खळबळीचा, सांख्यिकी सिद्धांत आला. नौकानयनाच्या वेडापायी त्यांनी नांगराचा एक नवा घाटही काढला, तो बोटींवर सर्रास वापरला गेला.

१९५२ ला निवृत्त झाल्यावर त्यांनी काम थांबवलं नाही. नळीतून वाहणाऱ्या द्रवात मिसळलेला पदार्थ कसा पसरत जातो, यावरचा त्यांचा निबंध १९५३ चा. विद्युतक्षेत्रात थेंब ताणला जाऊन टोकदार शंकू होतो, त्याचा अर्धकोन ४९.३ अंश असतो, हे त्यांनी १९६४ मध्ये, वयाच्या ७८ व्या वर्षी दाखवलं. प्रथिनांचे रेणू तोलणाऱ्या इलेक्ट्रोस्प्रे यंत्रांचं काम आज याच शंकूवर चालतं.